टचिंग

जयरामने ब्रशचं टोक ओठांत ओलं केलं आणि बायकोच्या उजव्या गालावरचा पहिला वण बुजवायला हात उचलला.

बायको अर्थात भिंतीवर होती. तीन फूट उंच, काळीपांढरी, फ्रेमबिम काही नाही, नुसती चार खिळ्यांवर लावलेली. गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये पाच वाजता प्रदर्शन उघडायचं होतं आणि साडेचार होऊन गेले होते. फोटो काढला होता जयरामच्या भाचीने, पल्लवीने. ती चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि मामाकडेच राहायची. आत्ता ती पाहुण्यांना आणायला गेली होती. मामाने तेवढ्यात डाव साधला.

बायकोला, म्हणजे नवसाबाईला, लहानपणी, पेठकडच्या गावात, देवी आल्या होत्या. दोन्ही गालांवर आणि कपाळावर वण राहून गेले. जयरामचा नाशिकरोडला फोटो स्टुडिओ होता आणि टचिंगमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या किती नवऱ्यामुलींच्या पुटकुळ्या त्याने घालवल्या, गणतीच नाही. लग्न झालं तेव्हा स्वतःच्या बायकोच्या निगेटिव्हवर तो आठवडाभर बसला होता. एक वण म्हणून ठेवला नाही. तो फोटो वीस वर्षं झाली तरी दुकानाच्या शोकेसमध्येच होता, नवसा बसायची त्या गल्ल्याशेजारी. नवसाला आपण आयुष्यात काही दिलं असेल तर ते हे, असं तो अगदी मनापासून मानायचा.

आणि पोरीने एका क्लिकमध्ये सगळं उघडं केलं. आदल्या दिवशी घरात त्यावरून वाजलंही होतं. फोटो लावू नको, नाहीतर मला टचिंग करू दे, असं मामाचं म्हणणं. हल्लीच्या फोटोग्राफीत असं कोणी करत नाही, असं भाचीचं. हल्लीचं काय असतं ते जयराम हॉलमध्ये शिरतानाच पाहून आला होता. दाराशी सायकलची सहा मोडकी चाकं टांगली होती आणि खाली, हे शिल्प आहे, अशी चिठ्ठी होती. चाकं ज्याची तो बघून घेईल, म्हणून त्याने ते सोडून दिलं. पण इथे बायकोचा चेहरा होता. लोक हसतील आणि नवसाला ते ऐकावं लागेल, या धास्तीने तो सकाळीच रंगाची डबी खिशात टाकून निघाला होता.

बुजवायचं तर आधी नीट बघायला हवं. तो जवळ गेला. हे वण त्याने पाहिले होते ते निगेटिव्हवर, नखाएवढ्या चेहऱ्यावर, भिंगाखाली. खऱ्या गालाकडे निरखून बघणं तर संसाराच्या रगाड्यात कधीच सुटलं होतं. पोरीने फ्लॅश वापरला नव्हता. सैपाकघराच्या खिडकीतून सकाळचा उजेड येत होता आणि प्रत्येक वणात जरासा थांबून पुढे जात होता. नवसाबाई कसलं तरी बोलणं ऐकत हसायच्या बेतात होती. हसू ओठांवर यायचं होतं, डोळ्यांत आलं होतं.

जयराम मागे सरकला. पुन्हा जवळ गेला. एवढ्या एका क्षणासाठी पोर किती वेळ थांबली असेल, ते त्याला बरोबर कळत होतं. त्याचा स्वतःचा जन्म गिऱ्हाइकांना हनुवटी वर करा नि हलू नका सांगण्यात गेला होता. असा फोटो त्याच्या हातून एकदाही निघाला नव्हता. त्याला हेवा वाटला, आणि हेव्यापेक्षा अभिमान जास्त वाटला. ब्रशवरचा रंग तोवर वाळून गेला.

"काय करताय?"

मागे नवसाबाई उभी होती. नवी साडी नेसून, बसने एकटीच आली होती. जयराम चोरी पकडल्यासारखा ओशाळला. फोटो लई भारी निघालाय, पोरीने आपल्याला मागे टाकलं, हे त्याने आधी कबूल करून टाकलं. मग म्हणाला, "पण तोंड तुझं आहे. तू सांग. पाच मिनिटांत सगळे वण घालवतो, कोणाला कळायचंही नाही."

नवसाबाई फोटोजवळ सरकली. ती फोटो बघत राहिली. तेवढ्यात दार उघडलं आणि लोक यायला लागले. एक म्हातारे गृहस्थ सगळ्यांत आधी या फोटोपाशी आले आणि तिथेच थबकले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. मग वळता वळता त्यांची नजर नवसाबाईवर गेली. क्षणभरही न घुटमळता त्यांनी हात जोडले.

"फोटोतल्या या तुम्हीच ना?"

"हां. मीच," नवसाबाई म्हणाली.

फार सुंदर चेहरा आहे, असं म्हणून ते पुढे गेले. नवसाबाईने पदर तोंडाला लावला, पण हसू काही लपेना. जयरामने इतक्या वर्षांत तिला असं खुललेलं पाहिलं नव्हतं. त्याने रंगाची डबी बंद करून खिशात टाकली. मग हळूच तिला विचारलं, नुसतं ओळखलं तर एवढं हरखण्यासारखं काय झालं.

नवसाबाईने फोटोवरची नजर काढली नाही.

"तुम्ही आत डार्करूममधे असता ना, तवा गिऱ्हाइकं शोकेसकडे बोट करून मला इचारतात, ही कोण," ती म्हणाली. "मी सांगते, माझी बहीण व्हती, वारली."