शेजारचं मशीन

कारखान्याच्या शिलाई विभागात पुनर्रचना होणार, हे कळल्यावर सगळे धास्तावले.

"पुनर्रचना म्हणजे हातात नारळ," शर्टांना काजं करणारा काजेवाला म्हणाला. "मामा, तुम्ही बरे निवांत."

मामी वारल्यापासून तिचं मशीन बंदच होतं. रोजच्यासारखं मामांनी आधी ते पुसलं, त्याला तेल दिलं आणि मग शेजारच्या आपल्या मशीनवर बसले.

दुपारी साहेब हसत आले. "घाबरता कशाला? माणूस एकही काढणार नाही. पुनर्रचना म्हणजे फक्त बंद मशीनं हलवायची."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"वाचलो, मामा," काजेवाल्याने त्यांच्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा वेळेवर आले आणि तेलाची कुपी घेऊन रिकाम्या फरशीसमोर उभे राहिले.

"मामा, तुमचं मशीन इकडे आहे," काजेवाला म्हणाला.