बोगद्याची साक्ष

जो आपली हानी सिद्ध करू पाहतो, त्याला कधी आपला अपराधही सिद्ध करावा लागतो. दरड कोसळून बोगद्याचे काम अकरा दिवस बंद होते, हे वृद्ध कंत्राटदार भास्करराव केळुसकरांना भरपाईसाठी लवादापुढे दाखवायचे होते. काँक्रीट आता भोवतीचे आवाज साठवून ठेवी आणि तीच साक्ष ग्राह्य धरली जाई. ते आवाज ऐकवणाऱ्या यंत्राने पहिल्या तीन दिवसांची निःशब्दता भराभर ओलांडली. चौथ्या दिवसापाशी दरडीआडून ठोके ऐकू आले.

“हा आमचा तुळाजी, दरडीपासून बेपत्ता झालेला मजूर,” मुकादम म्हणाला. “आणि तुम्ही म्हणालात, उचल घेऊन पळाला.”

“दावा मागे घ्या, यंत्र थांबेल,” भास्कररावांचे वकील कुजबुजले.

“चालू द्या,” भास्करराव म्हणाले. “तेव्हा मी ऐकलं नाही.”

सातव्या दिवशी ठोके थांबले. तुळाजीला शांती लाभो, आणि ऐकत बसलेल्या त्या वृद्धालाही.