चार बोटं खाली

मी सुतार. कुणाच्या स्वयंपाकघराचा लाकडी ओटा करायचा असला, की आधी घरच्या बाईंना उभं करतो, हात कोपरात वाकवायला लावतो आणि कोपराच्या चार बोटं खाली खूण करतो. त्याशिवाय फळीला करवत लावत नाही. गिऱ्हाइकं त्यावरच खूश असतात.

परवा बायकोचा उजवा खांदा आखडला. वेणी घालायलाही हात वर जाईना, म्हणून तिला फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे नेलं.

"घरी भाजी कशी चिरता, दाखवा बरं," मॅडम म्हणाल्या.

समोर टेबल होतं. ते सोडून बायकोनं हवेतच, पार छातीपाशी हात धरले. कोपरं बाहेर, खांदे कानाला टेकलेले.

"अहो, एवढा उंच ओटा? किती वर्षं चाललंय हे?"

"बारा."

बारा वर्षांपूर्वी आम्ही स्वतःचं घर घेतलं. रंग पसंत नाही म्हणून एका उंचपुऱ्या बाईंनी नाकारलेला ओटा मी तिथं आणून बसवला. "सध्या चालवून घे, पुढच्या महिन्यात तुझ्या मापाचा करतो," असंही म्हणालो होतो.

मॅडम चिडल्याच. "कुठल्या अडाण्यानं केलाय हो हा?"

मी खिशातली मापाची टेप मुठीत घट्ट आवळली.



"भाड्याचं घर आहे हो," माझ्याकडे न बघता बायको म्हणाली. "आम्ही राहायला आलो, तेव्हा होताच तो."