भिंतीत मुरलेलं दार

काळं पायपुसणं म्हणजे खड्डा.

एका पायात तपकिरी चप्पल, दुसऱ्या पायात काळी.

भिंतीचा रंग: राखाडी चार डबे, पांढरा एक, पिवळा चहाच्या चमच्यानं.

औषधांच्या दुकानातला माणूस खुर्ची पुढे सरकवतो आणि फोन लावतो.

न्हाणीघराचं दार इतकं पिवळं, की डोळे दिपावेत.

म्हातारा रंगारी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभा राहून बाहेरच्या दाराच्या चौकटीतल्या फटींत लांबी, म्हणजे रंगाआधीचं लुकण, भरत होता. खाली धाकट्या लेकीनं दोन्ही हातांनी शिडी धरली होती. तशी गरज नव्हती. चाळीस वर्षं तो कुणाच्या आधाराशिवाय चढला-उतरला होता. पण या पोरीला नाही म्हणणं त्याला कधी जमलं नव्हतं.

दार लपवायचं होतं.

बायकोला विसरण्याचा आजार जडला होता. वर्षभरात ती तीनदा घराबाहेर पडली आणि हरवली. त्याला हे सांगितलंही तिनंच, शेंगा सोलता सोलता, मान वर न करता. "अहो, हल्ली मला दार दिसलं की बाहेर जावंसं वाटतं. गेले की परत यायचं कळत नाही. दार दिसलंच नाही तर बरं."

तिसऱ्या वेळी ती त्याला सापडली ती चार गल्ल्या पलीकडे, औषधांच्या दुकानात. शोधून शोधून त्याच्या पायांना फोड आले होते. दुकानदारानं खुर्ची त्याला दिली. ती शेजारी उभी राहून त्याचा हात धरून रडत होती. हरवलेलं माणूस असंच रडतं. त्या दुकानाच्या पुढे हमरस्ता लागतो आणि तिथे ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. चौथी वेळ येऊ द्यायची नव्हती.

म्हणून त्यानं काम अंगावर घेतलं. दार नुसतं भिंतीच्या रंगाचं करून भागत नाही, हे त्यानं लेकीला समजावलं. लाकडाच्या रेषा लांबीनं बुजवायच्या, पॉलिश पेपर मारून फळी गुळगुळीत करायची. तैलरंग चकाकतो आणि चुगली करतो, म्हणून भिंतीचाच बिनचमकीचा रंग, तोही त्याच डब्यातला. भिंतीच्या पायाशी असलेली गडद पट्टी दारावरूनही सलग ओढायची, म्हणजे नजर अडखळत नाही. मूठ काढून टाकायची, कडी पार वर न्यायची. उलट जे सापडायला हवं ते बोंबलून सांगायला हवं, म्हणून न्हाणीघर पिवळं. आणि काळं पायपुसणं आधी उचलायचं. थकलेल्या डोळ्यांना तो खड्डा वाटतो. बायकोची सोबत म्हणून तोही हल्ली ते ओलांडूनच जायचा.

"आयुष्यभर लोक सांगत आले, दार उठून दिसू दे," तो म्हणाला. "आता म्हणे, बसवा त्याला."

"लग्नाआधी माझं नाकही असंच बसवायला हवं होतं," बायको म्हणाली.

"तेवढा रंग दुकानात नव्हता."

लेक हसली आणि लगेच खाली बघू लागली.

बायको स्टुलावर बसून हवं ते हातात देत होती. त्यानं मागायच्या आत लांबी ओढायची पत्री, पत्रीनंतर पेपर, पेपरनंतर ओलं फडकं. मध्येच त्याला पुढचं सुचेनासं झालं, तर ती हळूच म्हणायची, आता पट्टी. त्याला नवल वाटलं. हा आजारच विचित्र. घरचा रस्ता पुसून टाकतो आणि रंगाऱ्याच्या बायकोची विद्या तेवढी शाबूत ठेवतो.

रंगाचा तिसरा हात मारायला त्यानं ब्रश बुडवला, तेव्हा लेक म्हणाली की तिसरा मघाशीच झाला. झाला असेल. भिंत सुकेपर्यंत तो पाठ करून बसला. ताजं काम टक लावून बघू नये, असं त्याचा उस्ताद सांगायचा.

मग तो वळला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सलग राखाडी भिंत, खाली एकच गडद पट्टी. खोली एकाएकी मोठी झाली होती. शांतही. कुठूनही कुठे जायची घाई नसलेली खोली. इतकं बेमालूम काम त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. आता ही कुठे जात नाही, तो मनात म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी त्याचे खांदे सैल पडले.

बायको किती तरी वेळ भिंतीकडे बघत उभी होती. "छान झालंय," ती म्हणाली. तिनं त्याला ब्रश धुवायला पाठवलं.

तो पिवळ्या दारातून आत गेला, सावकाश ब्रश धुतले, बाहेर आला. खोलीत बायको एकटीच होती.

"धाकटी कुठे गेली?"

"तिच्या घरी."

त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. भिंतीवरून तळवा फिरवत तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि परत आला.

"कुठून?" त्यानं विचारलं.

बायकोनं त्याच्या हातातले ओले ब्रश काढून घेतले.

दार भिंतीत मुरवायची युक्ती त्याचीच होती. डॉक्टरांनी त्याच्या आजाराचं नाव सांगितलं त्या दुपारी, दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना, त्यानं ती बायकोला सांगितली होती आणि बजावलं होतं, की वेळ आली म्हणजे आजार तुलाच आहे, हे तुझ्यासाठीच करायचंय असं मला सांग, स्वतःसाठी मी ऐकायचो नाही.