वास जाईपर्यंत

बांगडा तव्यावर पडताच मथुराबाईंच्या दाराला आपोआप कुलूप लागलं. कोळीवाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये श्रीमंतांच्याच मजल्यावर जुन्या रहिवाशांना घरं मिळाली होती, पण वास हुंगणारं यांत्रिक नाक फक्त त्यांच्या दारांना बसवलं होतं. वास जाईपर्यंत ती उघडत नसत.

जहाजावर निघालेला प्रणित बॅग टॅक्सीत ठेवून निरोप घ्यायला वर आला, तो बंद दाराबाहेरच अडकला.

"आये, आजच तळायचं होतं?"

"तुझ्याच डब्यासाठी रे! वाटलं, दोन तुकड्यांनी काय होतंय."

तिने तवा धुतला. बांगडा फेकायला खिडकीही उघडेना. मग दाराला टेकून ती तो भराभर खाऊ लागली. दारावरचा दिवा लालच होता. बाहेर प्रणितच्या मोबाइलवर टॅक्सीवाल्याचा फोन पुन्हा वाजला.

"हळू खा गं आये," प्रणित दाराला कान लावून म्हणाला, "काटा अडकेल."