जिन्यातली फायनल

"काका, तुम्ही मॅच बघितली की आपण हरतो. आज फायनल आहे, बाहेर जिन्यातच बसा. फोटो टाका," शार्दूलचा मेसेज आला.

कबड्डी संघाच्या फॅन ग्रुपवर दोघांची दोस्ती जमली होती. खोतकाकांना दिवसभरात दुसऱ्या कुणाचा मेसेज येत नसे. ते इमानेइतबारे जिन्यात बसले, फोटो पाठवला, कानांत बोटं घातली.

तरीही बिल्डिंग दणाणलेली कळलीच. जिंकले! काकांनी घाईने फोन उघडला. शार्दूलकडून त्यांचेच वर्षभराचे जिन्यातले फोटो आले होते, खाली ओळ: 'भावांनो, हा येडा म्हातारा अजून बसतोय!'

वाचून होतंय तोच ते डिलीट झालं.

"जिंकलो काका! मघाशी चुकून भलतंच आलं, बघितलं नाही ना?"

"नाही रे बाळा," काकांनी लिहिलं. "पुढच्या वर्षीही बसेन."