तात्यांचे हात

"तात्या, हात मांडीखाली!" पाखरी घोडीवर चढता चढता लेकीनं दटावलं. "गेल्या स्पर्धेत तुमची हलगी कडाडली, ही बुजली अन् माझा हात मोडला."

तात्या हातांवर बसले. शेजारी आख्खा गाव तसाच बसला. पाखरी उडाली, पहिला अडथळा, दुसरा, पाचवा! शेवटच्या अडथळ्याची दांडी थरथरली, थरथरली... अन् जागीच राहिली.

"तात्या, आरोळी दाबून दाबून छाती फुटतीय माझी आता!" शेजारचा पैलवान कुजबुजला.

"गप! घोडी अजून भाईर गेली न्हाई."

लेक फाटकाबाहेर उतरली. लगाम धरून हसत ओरडली, "तात्या, पहिला नंबर! वाजवा आता!"

तात्या हलगी घेऊन धावले. पाखरीनं कान टवकारले. तात्या थबकले, अन् बाळाला थोपटावं तसं एकाच बोटानं वाजवू लागले.